तळटीपेतला हिरवा उजेड

प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शकाचा, म्हणजेच फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपचा, इतिहास पाहू लागलो की एक गोष्ट वारंवार आढळते. यातले महत्त्वाचे टप्पे शोधणाऱ्याला मुळात नकोच होते, किंवा दुसरेच काही शोधताना ते हाती लागले.

काही पदार्थ कमी तरंगलांबीचा प्रकाश शोषून जास्त तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकतात, हे केंब्रिजच्या जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये दाखवले. क्विनाइनचे रंगहीन द्रावण अतिनील किरणांत निळे दिसते, ते याचमुळे. १९०४ मध्ये येना येथील झाइस कंपनीत ऑगस्ट क्योलर यांनी अतिनील किरणांवर चालणारा सूक्ष्मदर्शक तयार केला. अधिक बारीक तपशील दिसावेत, एवढाच त्यांचा हेतू होता. पण काही नमुने स्वतःच उजळू लागले आणि तो उजेड कामात अडथळा ठरला. दहा वर्षांच्या आत जर्मनी व ऑस्ट्रियात याच अडथळ्यावर बेतलेली उपकरणे निघाली. नमुन्यावर एका रंगाचा प्रकाश टाकायचा, तो फिल्टरने अडवायचा आणि नमुन्यातून निघालेला दुसऱ्या रंगाचा प्रकाश तेवढा डोळ्यापर्यंत येऊ द्यायचा. मग काळोखात हवे तेवढेच उजळते. १९४१ मध्ये हार्वर्डच्या अल्बर्ट कून्स यांनी प्रतिपिंडांना असा चमकणारा रंग जोडून जंतू ओळखून दाखवले. आपल्याकडे थुंकीतले क्षयाचे जंतू पाहायलाही ऑरामाइन हा चमकणारा रंग वापरतात.

अडचण एकच होती. रंग बाहेरून घालावा लागे आणि प्रतिपिंड आत शिरावेत म्हणून पेशी बहुधा मारावी लागे. जिवंत पेशीत काय चालले आहे, ते झाकलेलेच राही.

त्याचे उत्तर समुद्रात होते. नागासाकीजवळच्या इसाहाया गावात किशोरवयात अणुस्फोटाचा लखलखाट पाहिलेले ओसामू शिमोमुरा १९६१ मध्ये अमेरिकेतल्या फ्रायडे हार्बर येथे जेलीफिश गोळा करत होते. त्या एका उन्हाळ्यात त्यांनी सुमारे दहा हजार जेलीफिश जमवले. त्यांना हवे होते ते निळा प्रकाश देणारे प्रथिन. ते मिळाले, सोबत एक हिरवे चमकणारे प्रथिनही आले. १९६२ च्या शोधनिबंधात त्याचा उल्लेख तळटीपेत झाला.

पुढे तीस वर्षांनी वुड्स होल येथील डग्लस प्रॅशर यांनी त्या प्रथिनाचा जनुक वेगळा केला. हा जनुक दुसऱ्या सजीवात घातला, तर पेशी स्वतःच आपला दिवा घडवेल, ही कल्पना त्यांना सुचलेली होती. पण पुढचे अनुदान नाकारले गेले. हे काम सोडताना त्यांनी तो जनुक मार्टिन चाल्फी आणि रॉजर त्सिएन यांना पाठवून दिला. १९९४ मध्ये चाल्फींनी जिवंत कृमीच्या चेतापेशी हिरव्या उजळून दाखवल्या. त्सिएन यांनी त्या प्रथिनाचा उजेड वाढवला, त्याला नवे रंग दिले. आता पेशी न मारता तिच्यातली एकेका प्रथिनाची ये-जा पाहता येऊ लागली.

२००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन यांना मिळाले. नियमानुसार मानकरी तिघांहून अधिक होऊ शकत नाहीत. प्रॅशर तेव्हा अलाबामातल्या हंट्सव्हिल शहरात मोटारविक्रेत्याच्या ग्राहकांना ने-आण करणारी गाडी चालवत होते. चाल्फी आणि त्सिएन यांनी स्वखर्चाने त्यांना स्टॉकहोमच्या सोहळ्याला नेले. आपल्याला वगळून प्रॅशर यांना पारितोषिक दिले असते तरी ते योग्य ठरले असते, अशा आशयाचे उद्गार चाल्फींनी जाहीरपणे काढले. पुढे प्रॅशर संशोधनात परतले आणि त्यांनी त्सिएन यांच्या प्रयोगशाळेतही काम केले.

हिरव्या प्रथिनाला तळटीपेतून वर यायला तीस वर्षे लागली. ज्या अनुदानाने प्रॅशर यांचे काम पुढे गेले असते, ते नाकारणाऱ्यांना त्या वर्षी यातले काहीच दिसत नव्हते. म्हणून कोणत्याही शोधाची हकीकत वाचताना पारितोषिकांची यादी संपली, की तळटिपाही वाचायला हव्यात.