नोंदवहीतली गळती

शाळेच्या प्रयोगशाळेत लंबकाचा प्रयोग चालू असतो. गुरुत्वत्वरणाचे उत्तर ९८० च्या आसपास यायला हवे, हे सर्वांना आधीच ठाऊक असते. एखाद्या गटाचे उत्तर ८९० येते. तास संपत आलेला असतो. मग दोलनकाळ थोडा कमी लिहिला की काम भागते. आपण शिक्षकही पुष्कळदा ‘असू दे’ म्हणून सही करतो. अशी ‘दुरुस्ती’ अणुवीजकेंद्राच्या नोंदवहीत झाली तर काय होते? अमेरिकेतील दोन घटनांच्या आधारे हे पाहू.

पहिली घटना पेनसिल्व्हेनिया राज्यातील थ्री माइल आयलंड येथील. तेथील दुसऱ्या अणुभट्टीला २८ मार्च १९७९ रोजी अपघात झाला आणि इंधनाचा जवळजवळ निम्मा भाग वितळला, हे आपल्याला माहीत असते. त्याआधीच्या काही महिन्यांची हकिकत मात्र फारशी सांगितली जात नाही.

या भट्टीतील उष्णता प्रचंड दाबाखालील पाणी वाहून नेते. या पाण्याची थोडी गळती होतच असते. मात्र जिचा उगम सापडत नाही अशी गळती मिनिटाला एक गॅलनपेक्षा, म्हणजे सुमारे ३.८ लिटरपेक्षा, जास्त नसावी असा नियम होता. ती ठरलेल्या वेळात कमी झाली नाही, तर भट्टी बंद करायची. गळती मोजण्याची रीत घरच्या टाकीच्या हिशोबासारखी होती : सुरुवातीला पाणी किती, मधल्या काळात किती घातले, शेवटी किती उरले. मोठ्या आकड्यांतून मोठे आकडे वजा करून छोटे उत्तर काढायचे असल्याने मापनातील लहानशी चूकही उत्तर बिघडवते. उत्तरे वेडीवाकडी येत असत. मर्यादेबाहेरची उत्तरे टाकून द्यायची आणि सोयीची तेवढी ठेवायची, अशी सवय पडली. काही वेळा चाचणी चालू असताना पाणी घालून त्याची नीट नोंद केली जात नसे. काही वेळा टाकीत हायड्रोजन सोडला जाई, त्यामुळे पातळीदर्शकावर पाणी जास्त दिसे.

अपघातानंतर तेथल्याच एका चालकाने हे तपास अधिकाऱ्यांना सांगितले. नोव्हेंबर १९८३ मध्ये केंद्र चालवणाऱ्या मेट्रोपॉलिटन एडिसन कंपनीवर ११ फौजदारी आरोप ठेवण्यात आले. फेब्रुवारी १९८४ मध्ये कंपनीने एका आरोपाबाबत गुन्हा कबूल केला आणि सहा आरोप लढवले नाहीत. दंड झाला ४५,००० डॉलर. शिवाय आणीबाणीच्या नियोजनासाठी १० लाख डॉलर द्यावे लागले.

या नोंदींमुळेच अपघात झाला असे म्हणता येणार नाही. पण गळतीसह काम रेटण्याच्या सवयीचा एक परिणाम दिसतो. दाबनियंत्रक टाकीवरील झडपांतून बरेच दिवस गळती होत होती, त्यामुळे पुढची नळी नेहमीच तापलेली असे. अपघाताच्या दिवशी एक झडप उघडीच अडकली आणि दोन तासांहून अधिक काळ पाणी बाहेर जात राहिले. नळी तापल्याचे चालकांना दिसत होते, पण ‘ती रोजच तापलेली असते’ अशी त्यांची समजूत होती. धोक्याची खूण रोजची झाली की ती खूण राहत नाही.

दुसरी घटना ओहायो राज्यात ईरी सरोवराकाठी असलेल्या डेव्हिस-बेसी केंद्राची. हे केंद्र त्याच कंपनीने रचलेल्या भट्टीचे. सप्टेंबर १९७७ मध्ये येथेही तशीच झडप उघडी अडकली होती. चालकांनी ती वेळीच ओळखली, पण तो धडा थ्री माइल आयलंडपर्यंत पोचला नव्हता.

भट्टीच्या पाण्यात बोरिक आम्ल विरघळवलेले असते, कारण बोरॉन न्यूट्रॉन शोषतो. दाबपात्राच्या झाकणातून ६९ नळ्या आत जातात. काही केंद्रांत अशा नळ्यांना तडे गेल्याचे दिसल्यावर अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने ऑगस्ट २००१ मध्ये सर्वांकडून पूर्वीच्या तपासणीचा तपशील मागवला. ज्यांना धोका जास्त, त्यांनी वर्षअखेरपर्यंत तपासणी करावी असेही सुचवले. डेव्हिस-बेसीने आपल्या आधीच्या तपासण्यांचे चांगले चित्र रंगवून मुदत मागितली. शेवटी १६ फेब्रुवारी २००२ ही तारीख ठरली.

प्रत्यक्षात झाकणावर आम्लाचे थर साचलेले होते आणि त्यामुळे सर्व नळ्या नीट पाहताच आल्या नव्हत्या. एप्रिल २००० मधील छायाचित्रात तांबूस ओघळ दिसतात. बोरिक आम्ल पांढरे असते, मग तांबूस रंग कशाचा? दहावीचा विद्यार्थीही सांगेल, गंजाचा. हवा तपासणाऱ्या उपकरणांच्या गाळण्या गंजाच्या कणांनी वरचेवर भरत होत्या. मार्च २००२ मध्ये उलगडा झाला. तड्यातून पाझरलेल्या पाण्याची वाफ होऊन संहत आम्ल मागे राहिले होते आणि त्याने झाकणाचे सुमारे १६-१७ सेंटिमीटर जाडीचे पोलाद आरपार खाल्ले होते. त्या जागी सुमारे १५० वातावरणांचा दाब पेलत होता तो आतला जेमतेम एक सेंटिमीटर जाडीचा स्टेनलेस स्टीलचा पापुद्रा. तो फुगलाही होता. केंद्र दोन वर्षे बंद राहिले.

आयोगाने २००५ मध्ये ५४ लाख ५० हजार डॉलरचा दंड सुचवला. जानेवारी २००६ मध्ये कंपनीने आपल्या माणसांनी आयोगाला जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचे मान्य केले आणि २ कोटी ८० लाख डॉलर देऊन खटला टाळला. सरकारी यंत्रणेला जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा अमेरिकेत पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. दोन अभियंते आणि एक सल्लागार यांच्यावर खटले झाले. सल्लागार सुटला. एका अभियंत्याला दंड आणि चार महिने घरी स्थानबद्धता, तर दुसऱ्याला दंड आणि तीन वर्षे देखरेख अशी शिक्षा झाली. तुरुंगात कोणीच गेले नाही.

येथे एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. यांपैकी पहिल्या अभियंत्याला ज्यूरीने दोषी ठरवले. पण आयोगाच्याच परवाना मंडळाने २००९ मध्ये बहुमताने म्हटले की, विधाने खोटी आहेत हे त्याला ठाऊक होते असे सिद्ध झालेले नाही. एकच कागद, दोन निवाडे! चूक आणि लबाडी यांत फरक असतो तो माणसाच्या मनातील जाणिवेचा, आणि ती सिद्ध करणे अवघड असते. शिवाय कागदावर अनेकांच्या सह्या असतात. प्रत्येक जण आधीच्या सहीवर विसंबतो आणि झाकण प्रत्यक्ष कोणी पाहिले, हा प्रश्न मागे पडतो.

कायदा येतो तो उशिरा. पोलाद मात्र कोणत्याही निकालाची वाट न पाहता गंजत राहते. म्हणून नोंदीचा खरेपणा न्यायालयावर सोपवून चालणार नाही. तो आपल्या वर्गात सुरू व्हायला हवा. ८९० उत्तर आणणाऱ्या गटाला आपण विचारू या : दोरीची लांबी कुठून मोजली? दोलने किती धरली? चूक सापडली तर ती लिहा, न सापडली तर ८९० हेच लिहा. त्या नोंदीला पूर्ण गुण द्यायला आपण तयार आहोत का? आपल्या उत्तरावरून मुले पुष्कळ काही शिकतील.