बर्फातलं गणित

शाळेत मी अणुविखंडन पाठ केलं होतं: युरेनियमवर न्यूट्रॉन आदळतो, केंद्रक फुटतं, ऊर्जा बाहेर पडते. दोन मार्क. हे कुणाला उलगडलं, ते उत्तरात लिहायचं नव्हतं.

लीझ माइटनर. जन्माने ज्यू, म्हणून जुलै १९३८मध्ये तिला बर्लिन सोडून पळावं लागलं. जवळ जेमतेम पैसे आणि सहकारी ओटो हानने दिलेली, त्याच्या आईची हिऱ्याची अंगठी.

डिसेंबरात हानचं पत्र स्वीडनला आलं. युरेनियमवर न्यूट्रॉन सोडले तर बेरियम सापडतंय, हे कसं? ९२ प्रोटॉनच्या केंद्रकाचे एकदोन टवके उडतात, इथवर सगळ्यांना मान्य होतं. थेट ५६?

नाताळात भाचा (हाही ओटोच, ओटो फ्रिश) भेटायला आला. कुंगेल्व गावी दोघं बर्फात फिरायला निघाले. तो स्कीवर, ती पायी. एका ओंडक्यावर बसून चिठोऱ्यांवर आकडे मांडले. केंद्रक पाण्याच्या थेंबासारखं ताणून मधोमध तुटत असेल तर? ९२ वजा ५६, उरले ३६, म्हणजे क्रिप्टॉन. दोन्ही तुकडे एकमेकांना ढकलणार, ती ऊर्जा सुमारे २० कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट. एवढी येते कुठून? तुकड्यांचं वस्तुमान प्रोटॉनच्या पाचव्या हिश्श्याइतकं कमी भरत होतं. आइन्स्टाइनच्या सूत्रात घातलं, तर तेवढेच २० कोटी!

१९४४चं रसायनशास्त्राचं नोबेल एकट्या हानला मिळालं. मला हे अजूनही खटकतं. बॉम्बच्या कामाचं बोलावणं तिने नाकारलं होतं. १०९व्या मूलद्रव्याचं नाव माइटनेरियम. वर्गातल्या आवर्तसारणीच्या तक्त्यावर, अगदी खालच्या ओळीत, मी ती चौकट कधी वाचली नव्हती.