आपण मुके होतो, की आपल्याला कोणी छापत नव्हते?

३१ जानेवारी जवळ आली की आपल्या विहारांमध्ये आणि वस्त्यांमध्ये 'मूकनायक'चे कार्यक्रम सुरू होतात. बॅनर लागतात, भाषणे होतात आणि प्रत्येक भाषणात एक वाक्य हमखास येते : "बाबासाहेबांनी मुक्या समाजाला आवाज दिला." माझ्याही तोंडी हे वाक्य कित्येक वर्षे होते. आज त्याच वाक्याशी थोडे भांडायचे आहे.

हे भांडण बाबासाहेबांच्या कार्याशी नाही. उलट त्यांनी नेमके काय केले, हे त्या वाक्यामुळे झाकले जाते, ही माझी तक्रार आहे. 'आवाज दिला' म्हटले की आधी आवाजच नव्हता असा अर्थ निघतो. मग आजचा तरुणही तसाच बसून राहतो. कोणीतरी येईल, आपल्याला आवाज देईल, तोपर्यंत आपण टाळ्या वाजवायच्या आणि फोटो पुढे पाठवायचे. इतिहास मात्र वेगळेच सांगतो.

चौदा वर्षांची मुक्ता

१८५५ साल. बाबासाहेबांच्या जन्माला अजून ३६ वर्षे अवकाश होता. जोतीराव आणि सावित्रीमाईंच्या शाळेत शिकलेली मुक्ता साळवे ही मातंग समाजातील, सुमारे चौदा वर्षांची मुलगी महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिते. तो 'ज्ञानोदय'च्या फेब्रुवारी आणि मार्चच्या अंकांत दोन भागांत छापून येतो. वेद जर फक्त ब्राह्मणांचे असतील तर आम्ही धर्मपुस्तकाविना आहोत, मग आमचा धर्म कोणता, असा तिचा थेट देवाला प्रश्न आहे. पेशवाईत आमच्या माणसांवर काय गुजरले ते ती सांगते. बाळंतपणात अंगावर छप्पर नसलेल्या आमच्या बायांचे हाल ती सांगते. हा मुक्या माणसाचा आवाज आहे का? पुण्यात, पेशवाई बुडून ४० वर्षेही झालेली नसताना, एक मुलगी धर्मसत्तेची उलटतपासणी घेत होती.

पण 'ज्ञानोदय' कोणाचे? अमेरिकन मिशनऱ्यांचे. त्यांनी छापले म्हणून मुक्ता आपल्यापर्यंत पोहोचली, याबद्दल कृतज्ञ राहिलेच पाहिजे. तरीही पान दुसऱ्याचे होते. मुक्ताचे पुढचे लेखन आपल्या हाती नाही. तिने पुढे लिहिलेच नाही, की लिहिलेले छापायला कोणी नव्हते? तिचे स्वतःचे, तिच्या समाजाचे पान असते तर हा प्रश्न आज आपल्याला पडला नसता.

उसन्या जागेची ६५ वर्षे

१८५५ ते १९२० या ६५ वर्षांत आपली माणसे गप्प बसली नव्हती. १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधु' सुरू केले आणि सत्यशोधकांना स्वतःचे वृत्तपत्र मिळाले. लष्करातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर याच 'दीनबंधु'त अस्पृश्यतेवर लिहीत होते. 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका लिहून त्यांनी विटाळाच्या कल्पनेलाच जाब विचारला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पुण्याहून शिवराम जानबा कांबळे यांनी 'सोमवंशीय मित्र' चालवले. नागपूरला किसन फागुजी बनसोडे यांनी एकामागून एक पत्रे काढली. पत्र बंद पडायचे, पुन्हा दुसरे उभे राहायचे.

बंद का पडायचे? लिहिणाऱ्याकडे मजकूर होता. नव्हता तो पैसा, नव्हता छापखाना, आणि ज्या समाजासाठी लिहायचे त्याला शाळेची दारे बंद होती. म्हणजे वर्गणीदार तरी कुठून येणार? आवाज दाबण्यासाठी दरवेळी बंदी घालावी लागत नाही. अक्षर, पैसा आणि यंत्र एका बाजूला ठेवले की दुसरी बाजू आपोआप 'मुकी' दिसू लागते.

बाबासाहेबांनी नेमके काय केले?

३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला. शाहू महाराजांनी त्यासाठी २,५०० रुपये दिले. बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम या सरकारी महाविद्यालयात प्राध्यापक होते, त्यामुळे संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते. लेखणी बाबासाहेबांची होती. 'केसरी'ने मात्र या पाक्षिकाची जाहिरात पैसे देऊनही छापायला नकार दिला. बातमी नाही, लेख नाही, साधी जाहिरात! स्वराज्य हा जन्मसिद्ध हक्क मानणाऱ्यांच्या पत्रात आपल्याला विकत घेऊनही जागा मिळत नव्हती.

पहिल्या अंकातला अग्रलेख तरुणांनी मुळातून वाचावा. त्यात बाबासाहेब हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा देतात. त्याला मजले आहेत, पण एका मजल्यावरून दुसऱ्यावर जायला जिना नाही. आपल्याच जातीचे हित पाहणाऱ्या पत्रांना ते बोटीतल्या प्रवाशाची गोष्ट सांगतात : दुसऱ्याच्या खोलीला भोक पाडणाराही शेवटी त्याच बोटीबरोबर बुडतो. त्याच लेखात एक गोष्ट आहे जिच्याकडे आपले लक्ष जात नाही. 'दीनमित्र', 'जागरूक', 'डेक्कन रयत', 'विजयी मराठा', 'ज्ञानप्रकाश', 'सुबोधपत्रिका' अशा पत्रांत बहिष्कृतांच्या प्रश्नांची चर्चा होते, हे ते मोकळेपणाने मान्य करतात. पण त्या पत्रांना इतरही विषय असतात, तिथे आपल्या प्रश्नांना पुरेशी जागा मिळणे शक्य नाही, म्हणून स्वतंत्र पत्र हवे, असे ते म्हणतात.

माझ्या मते हा संपूर्ण इतिहासाचा गाभा आहे. विरोधकाने जागा नाकारली म्हणून रडायचे नाही आणि मित्राने थोडी जागा दिली म्हणून त्यावर थांबायचेही नाही. आपला प्रश्न कोणत्या पानावर, किती रकान्यांत आणि कोणत्या शब्दांत मांडायचा, हे आपण ठरवायचे. आवाज समाजाकडे होताच. बाबासाहेबांनी त्याला स्वतःच्या मालकीचे पान मिळवून दिले.

"आपलेच आपण वाचतो, त्याने काय होते?"

हा आक्षेप मी कार्यकर्त्यांकडूनच ऐकतो. त्याचे उत्तर महाडमध्ये आहे. २० मार्च १९२७ रोजी हजारो लोक चवदार तळ्याचे पाणी प्यायले. लगेच अफवा पसरवली गेली की आता हे वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार, आणि परतीच्या वाटेवरच्या आपल्या माणसांवर हल्ले झाले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिल १९२७ रोजी, 'बहिष्कृत भारत'चा पहिला अंक निघाला. महाडला काय घडले, का घडले, टीकाकारांना उत्तर काय आणि पुढचे पाऊल कोणते, हे सगळे आपल्या बाजूने मांडणारी जागा तयार झाली. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. तळ्याचा खटला १९३७ पर्यंत चालला आणि मुंबई उच्च न्यायालयात आपण जिंकलो. इतकी वर्षे लढायला लोकांना लढाईचा अर्थ माहीत असावा लागतो. तो अर्थ सभांनी आणि अशा पत्रांनी पोहोचवला. एक जण वाचायचा आणि चाळीतले दहा जण ऐकायचे, असे जुनी माणसे सांगतात. स्वतःशी बोलता न येणारा समाज दुसऱ्याशी काय बोलणार?

एक न फिटलेले ऋण

आता थोडे आपल्याच कानाला. 'बहिष्कृत भारत' नोव्हेंबर १९२९ मध्ये बंद पडले. ते सरकारने बंद केले नव्हते. वकिली, कायदेमंडळ, परिषदा सांभाळत बाबासाहेब एकटे २४-२४ रकाने लिहून काढत होते, तेही एक पैसा न घेता. पत्रावर झालेले कर्ज हे सगळ्या समाजाचे कर्ज नाही का, असा सवाल त्यांना आपल्याच वाचकांना जाहीरपणे करावा लागला. पुरेसे वर्गणीदार मिळाले नाहीत. गरिबी होती, निरक्षरता होती, हे खरे. पण आज? जयंतीच्या डीजेला वर्गणी देणारे आपण, आपल्याच माणसाने काढलेले मासिक फुकट मिळेल का, असे विचारतो.

तरीही बाबासाहेबांनी हार मानली नाही. 'समता' त्याआधीच निघाले होते. २४ नोव्हेंबर १९३० रोजी 'जनता' सुरू झाले तेव्हा ते स्वतः गोलमेज परिषदेसाठी लंडनमध्ये होते. पत्र देवराव नाईक सांभाळत होते. ४ फेब्रुवारी १९५६ रोजी 'जनता'चे 'प्रबुद्ध भारत' झाले. 'मूक', मग 'बहिष्कृत', मग 'जनता', मग 'प्रबुद्ध'. ३६ वर्षांतली ही नावे ओळीने वाचली तरी समाजाचा प्रवास कळतो.

आपल्या पानावर कोण नव्हते?

हा प्रश्न आपल्याला स्वतःलाही विचारावा लागेल. चळवळीत बायका सर्वत्र होत्या, पण छापील पानावर त्या फार कमी दिसतात. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी त्या स्त्रियांना शोधून, बोलते करून 'आम्हीही इतिहास घडवला' लिहिले तेव्हा १९८९ उजाडले होते. फलटणच्या बेबीताई कांबळे आपल्या छोट्या दुकानात बसून 'जिणं आमुचं' लिहीत होत्या आणि लिहिलेले कागद त्यांनी सुमारे २० वर्षे नवऱ्यापासून लपवून ठेवले. हा कागद 'केसरी'ने नाकारलेला नव्हता. तो आपल्याच घरात लपवावा लागला होता. ज्याने दुसऱ्याकडून जागा मागितली, त्याने आपल्या घरातल्या बाईला जागा दिली का, याचा हिशेब द्यावाच लागेल.

मग आज काय?

काही वर्षांपूर्वी मी काम करतो त्या भागातल्या एका वस्तीवर मिरवणुकीच्या वादातून हल्ला झाला. दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात चार ओळी आल्या : 'दोन गटांत हाणामारी'. वस्तीतली पोरे संतापली. मी विचारले, रात्री काय घडले ते कोणी लिहून ठेवले आहे का? किती वाजता, कोण आले, कोणाला कुठे लागले? कोणीही लिहिले नव्हते. तिथे पदवीधर पोरे होती, प्रत्येकाच्या हातात मोबाईल होता, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. वर्तमानपत्राने आपली जात पुसली, हा त्याचा दोष. पण दुसरी बाजू कागदावर नव्हतीच, हा दोष कोणाचा?

त्या दिवसापासून आमच्या रविवारच्या वर्गात एक नियम आहे. वंदना झाली की प्रत्येकाने एक पान लिहायचे. विषय साधा : या आठवड्यात वस्तीत काय घडले. नाव, तारीख, ठिकाण घालायचे. शुद्धलेखन नंतर पाहू. सुरुवातीला एका मुलाने विचारले, "सर, कोणाचं तरी बघून लिहू का?" आता तोच मुलगा ग्रामपंचायतीच्या नळाचा प्रश्न लिहितो आणि विहाराच्या फलकावर लावतो. फलकापुढे लोक थांबतात, चुका काढतात, भांडतात. नळ अजून आलेला नाही. पण अर्जाला जोडायला आमच्याकडे आता तारीखवार सात पाने आहेत.

येत्या ३१ जानेवारीला 'मूकनायक'ला अभिवादन जरूर करा. फक्त हार घालण्याआधी एक पान लिहा, तुमच्या नावाने, तुमच्या गावाविषयी. आईला, आजीला विचारून लिहा. आणि दुसऱ्याने लिहिलेले वाचायला असेल तर त्याची वर्गणी भरा.

मुक्ताने चौदाव्या वर्षी लिहिले. आपले वय काय?

जयभीम!