गोड्या पाण्याची साक्ष

रेडीच्या किनाऱ्यावर कोणाला शिंपले रुतलेला दगड सापडला की तो बहुधा माझ्या पडवीत येतो. भूविज्ञानाची पदवी माझ्याकडे नाही, पण जुने अहवाल वाचणारा माणूस म्हणून गावात नाव झाले आहे. प्रश्न ठरलेला असतो : "हा किती लाख वर्षांचा?" बहुतेक वेळा विचारणाऱ्याची निराशा करावी लागते. किनाऱ्यावरची वाळू आणि शिंपले चुन्याने एकत्र सांधले गेलेले असतात, आणि शिंपले पाहावेत तर आज बाजारात मिळणाऱ्या तिसऱ्यांचेच भाऊबंद. भूविज्ञानाच्या हिशेबात हा दगड कालपरवाचा. उलट, ज्या डोंगरातून लोहखनिज काढले गेले, त्यातले पट्टेदार दगड अडीचशे कोटी वर्षांच्या घरातले. पण त्यांत शंखाचा मागमूस नाही. तेव्हा पृथ्वीवर शंख बांधणारा प्राणीच जन्मला नव्हता.

मग शंख पाहून दगडाचे वय सांगता येते की नाही? या प्रश्नावर आपल्याच राज्यात, रेडीपासून दूर नागपूरला, सव्वाशे वर्षांहून अधिक काळ वाद चालला.

स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी 1845 मध्ये नागपुरात आला. त्याचे सहकारी रॉबर्ट हंटर. शाळा आणि प्रवचने सांभाळून हे दोघे फिरायला जात आणि दगड फोडत. शहराजवळच्या टाकळी गावाशी त्यांना काळ्या बेसाल्टच्या दोन थरांमध्ये दबलेला, गारगोटीसारखा कठीण झालेला गाळ सापडला. त्यात शंख होते : फायसा, लिम्निया, पॅल्युडिना. सगळ्या तळ्याडबक्यांतल्या, गोड्या पाण्यातल्या गोगलगायी. असेच शंख मद्रासच्या लष्करातला डॉक्टर माल्कमसन याला त्याआधी निर्मळच्या डोंगराळ भागात मिळाले होते, आणि त्यांतल्या एका जातीला जेम्स प्रिन्सेपचे नाव दिले गेले होते. हो, ब्राह्मी लिपी वाचणारा तोच प्रिन्सेप.

या शंखांनी एक गोष्ट निर्विवाद सांगितली. लाव्हा एका दमात ओतला गेला नाही. एक थर थंड झाला, त्यावर पाणी साचले, तळे झाले, काठाला झाडे उगवली, गोगलगायी नांदल्या. मग पुढचा लाव्हा आला आणि सगळे झाकून गेला. हे चित्र आजही तसेच उभे आहे.

वयाचे मात्र तसे झाले नाही. हिस्लॉपने 1855 आणि 1860 मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात लिहिताना, युरोपातल्या जीवाश्मांशी ताडून हे थर इओसीन ठरवले, म्हणजे डायनोसॉर संपल्यानंतरचे. अडचण अशी की समुद्र सगळीकडे जोडलेला असतो. त्यातली एखादी जात दूरवर पसरते, थोड्या काळात नाहीशी होते, आणि थरावर तारखेचा शिक्का उमटतो. तळ्याचे तसे नाही. प्रत्येक तळे हे एक बेट. त्यातली गोगलगाय लाखो वर्षे जवळपास त्याच रूपात राहू शकते आणि दूरच्या तळ्यातली तिच्यासारखी दिसणारी गोगलगाय तिची समकालीन असेलच असे नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला तर डायनोसॉरच्या हाडांच्या परिसरातच गोड्या पाण्यातले शंख मिळतात.

हिस्लॉपला या गुंत्याचा शेवट पाहता आला नाही. सप्टेंबर 1863 मध्ये टाकळघाटजवळची शिळावर्तुळे पाहून परतताना तो पाण्यात बुडाला. घोडा एकटाच परत आला, असे सांगतात.

पुढे 1867 मध्ये विल्यम ब्लॅनफर्डने, मध्य भारतातल्या थरांची मांडणी पाहून, क्रिटेशसच्या बाजूने कौल दिला. 1934 मध्ये बीरबल साहनींनी 'दख्खनचे ट्रॅप क्रिटेशस की टर्शरी?' असा प्रश्न थेट शीर्षकातच विचारला आणि झाडांच्या जीवाश्मांवरून पुन्हा इओसीनकडे झुकते माप दिले. त्यांचा शब्द मोठा. पुढची कित्येक वर्षे पाठ्यपुस्तकांतून तेच शिकवले गेले.

हे माप फिरवणाऱ्यांत त्यांचे पुतणे अशोक साहनी अग्रभागी होते, हा योगायोग मला फार आवडतो. 1980 च्या दशकात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी नागपूर, आसिफाबाद इथल्या थरांतला गाळ पाण्यात भिजवून बारीक चाळण्यांतून काढला. शंख डोळ्यांना दिसतात म्हणून सगळे शंखच पाहत आले होते. यांना हवे होते ते भिंगाखाली दिसणारे. माशांचे दात मिळाले, अंड्यांच्या कवचांचे कण मिळाले, आणि त्यांतले काही डायनोसॉरचे निघाले. याच दशकात आरगॉनच्या पद्धतीने बेसाल्टची वयेही हाती येऊ लागली. इओसीन मागे पडले.

फरक केवळ आकड्यांचा नव्हता. थर इओसीन असते तर डायनोसॉरच्या अंताशी आपल्या कातळाचा संबंधच उरला नसता. 2015 मध्ये ब्लेअर शीन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की सह्याद्रीतल्या लाव्ह्याचा मुख्य भाग सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी, साधारण साडेसात लाख वर्षांत ओतला गेला, आणि त्याची सुरुवात डायनोसॉरच्या अंताच्या सुमारे अडीच लाख वर्षे आधी झाली. अंताला लाव्हा किती जबाबदार आणि मेक्सिकोत आदळलेली उल्का किती, हे भांडण अजून मिटलेले नाही.

हे वय मोजले कशावर? महाबळेश्वरहून पोलादपूरकडे आंबेनळी घाटाने उतरताना काळ्या कातळाच्या थरांमध्ये विटेसारखे लाल पट्टे दिसतात. दोन लाव्ह्यांच्या मधल्या विश्रांतीत तयार झालेली ती माती. सह्याद्रीतल्या अशा मातीत ज्वालामुखीच्या राखेबरोबर पडलेले झिरकॉनचे कण असतात, आणि त्यांतल्या युरेनियमचे किती शिसे झाले हे मोजता येते. टाकळीची तळी आणि घाटातली ही माती एकाच जातीच्या उसंतीत जन्मलेली. टाकळी आता नागपूर शहरातच आली आहे. घाटातले लाल पट्टे मात्र एसटीच्या खिडकीतूनही दिसतात. दगड घेऊन पडवीत येणाऱ्यांना हल्ली मी ते पाहून यायला सांगतो.