खडकीची लढाई आणि उंचावरून बघणारे

आजचा एपिसोड आपल्या खडकीचा.

लोकलने पुण्याहून लोणावळ्याकडे निघालात की शिवाजीनगरनंतर खडकी लागतं, मग दापोडी. याच पट्ट्यात, गणेशखिंडीपासून मुळा नदीपर्यंत, ५ नोव्हेंबर १८१७ ला दुपारनंतर लढाई झाली आणि पेशवाईचा शेवट सुरू झाला.

आधी आकडे बघू. पेशव्यांकडे साधारण १८,००० घोडदळ, ८,००० पायदळ आणि १४ तोफा. कंपनीकडे सगळे मिळून २,८०० च्या आसपास. म्हणजे जवळपास एकाला दहा. संध्याकाळ झाली तेव्हा कंपनीचे ८६ माणसं ठार-जखमी होते आणि पेशव्यांचे सुमारे ५००. बारा दिवसांत, १७ नोव्हेंबरला, पुणं कंपनीच्या ताब्यात गेलं.

हे झालं कसं? एक उत्तर आहे चिखल. मराठ्यांच्या घोडदळाने जोरदार हल्ला चढवला, पण कंपनीच्या फौजेसमोर दलदल होती. घोडे त्यात रुतले, मागचे पुढच्यांवर आदळले आणि समोरून गोळीबार झाला. दुसरं उत्तर आहे मेजर फोर्ड. दापोडीला पेशव्यांच्याच पैशांवर उभी केलेली एक ब्रिगेड होती, फोर्डच्या हाताखाली. ती ऐन वेळी कंपनीच्या बाजूने उभी राहिली. पेशव्यांचे सरदार मोर दीक्षित त्या दिवशी पडले. फोर्ड हा त्यांचा मित्र होता.

आणि पेशवे कुठे होते? दुसरा बाजीराव पर्वतीवरून लढाई बघत होता. ग्रँट डफ लिहितो की बाजीरावाने शेवटच्या क्षणी बापू गोखल्यांना निरोप धाडला, पहिली तोफ आपल्याकडून उडवू नका. निरोप्या दिसताच काय निरोप असणार हे गोखल्यांनी ओळखलं, आणि तो पोचायच्या आत तोफा सुरू केल्या.

आता तुम्ही म्हणाल, यात गर्व कुठे आला? हा तर घाबरट माणूस!

इथे मला एक फार जुना मजकूर आठवतो. बायबलच्या जुन्या करारात ओबद्या नावाचं पुस्तक आहे. एकच अध्याय, २१ ओव्या, जुन्या करारातलं सगळ्यात छोटं पुस्तक. त्यात अदोम नावाच्या देशाला इशारा आहे. अदोम म्हणजे मृत समुद्राच्या दक्षिणेचा डोंगराळ मुलूख, आजच्या जॉर्डनमधला. उंच कड्यांत राहणाऱ्या या लोकांना वाटायचं, आपल्याला इथून खाली कोण ओढणार? ओबद्या सांगतो की हाच गर्व तुम्हाला फसवतोय, आणि तुमचे दोस्तच तुम्हाला दगा देतील.

पण खरा आरोप पुढे आहे. अदोमचे लोक एसावाचे वंशज आणि यरुशलेमचे याकोबाचे, म्हणजे सख्ख्या भावांची घराणी. इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबेलच्या फौजेने यरुशलेम उद्ध्वस्त केलं. बहुतेक अभ्यासक ओबद्याचा राग त्या प्रसंगाशी जोडतात. भाऊ बुडत होता, तेव्हा तुम्ही बाजूला उभे राहून बघत होतात, वर खूशही झालात. ओबद्याच्या लेखी गर्व म्हणजे नुसती छाती फुगवणं नाही. आपल्याच माणसाचा नाश वरून बघणं आणि ‘याची पाळी आपल्यावर येणार नाही’ असं समजणं, हा गर्व. पुढे त्याच सहाव्या शतकात बाबेलनेच अदोमही संपवलं.

आता खडकीच्या सोळा वर्षं मागे जाऊ. एप्रिल १८०१. विठोजी होळकर बंडखोर म्हणून पकडून पुण्यात आणले गेले. मराठी राज्यातल्या एका मोठ्या घराण्यातला हा माणूस. त्याला शनिवारवाड्यासमोर हत्तीच्या पायी दिलं आणि बाजीराव वाड्यातून बघत होता.

इथून पुढची साखळी सरळ आहे. विठोजींचे भाऊ यशवंतराव चिडून पुण्यावर चालून आले. २५ ऑक्टोबर १८०२ ला, दिवाळीत, हडपसरला त्यांनी पेशवे आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. बाजीराव पळून वसईला गेला आणि ३१ डिसेंबर १८०२ ला इंग्रजांशी तह करून बसला. गादी परत मिळाली, पण कंपनीची तैनाती फौज सोबत आली. जून १८१७ च्या पुणे तहात मराठी सरदारांचं प्रमुखपदही त्याला सोडावं लागलं. त्यानंतर पाच महिन्यांत खडकी.

म्हणजे खडकीच्या मैदानात बाजीराव भित्रा दिसतो हे खरं, पण तिथवर त्याला आणणारा माणूस १८०१ सालचा होता, वाड्यातून खाली बघणारा. चिखल आणि फोर्ड ही त्या दिवसाची कारणं. पण कंपनीची फौज मुळात पुण्यात आली कशी, याचं कारण त्या हत्तीपाशी आहे. आपल्या भाषेत बोलायचं तर सर्व्हर पडला १८१७ ला, बग शिरला होता १८०१ ला.

जिंकणाऱ्यांनाही हा इशारा चुकला नाही. लढाईच्या दिवशी संगमावरचा ज्याचा बंगला जाळला गेला, तो रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला. इंग्रज काबूलवर निघाले तेव्हा निवृत्त एल्फिन्स्टनने स्पष्ट लिहिलं की काबूल घेता येईल, पण तिथे आपला राजा टिकवणं अशक्य आहे. कोणी ऐकलं नाही. जानेवारी १८४२ मध्ये साडेचार हजार सैनिक आणि सुमारे बारा हजार नोकरचाकर, बायकापोरं काबूलहून परत निघाली. त्यातली बहुतेक आठवड्याभरात बर्फात आणि खिंडींत संपली. त्या फौजेचा सेनापती होता याच एल्फिन्स्टनचा चुलतभाऊ.

बाजीराव जून १८१८ मध्ये माल्कमला शरण गेला. वर्षाला आठ लाखांची पेन्शन घेऊन बिठूरला राहिला आणि १८५१ मध्ये वारला. बापू गोखले त्याआधीच, फेब्रुवारी १८१८ मध्ये, आष्टीला लढताना पडले होते.

म्हणून ‘आपण दहापट होतो तरी हरलो कसे’ असं कोणी विचारलं, तर त्याला शनिवारवाड्यापर्यंत मागे न्या. कोणाला तरी तुडवलं जात असताना वर उभं राहून बघणारे आजही असतात, फक्त वाड्याऐवजी हातात फोन असतो. आपण त्यात आहोत का, एवढं ज्याने त्याने तपासावं.

पुढच्या एपिसोडमध्ये आष्टीला जाऊ. तोपर्यंत, ऐकत राहा!