कसारा घाटातले धुके आणि रुळावरचा फटाका
#थ्रेड

१/ पावसाळ्यात इगतपुरीहून कसारा घाट उतरताना पुढच्या गाडीचे तांबडे दिवे एकाएकी धुक्यात नाहीसे होतात. रस्ता दिसत नाही, हे चालकाला कळते. स्वतःच्या वेगाचा अंदाजही चुकतो आहे, हे मात्र बहुधा कळत नाही.

२/ ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १ जानेवारी १८६५ रोजी थळ घाट चढून इगतपुरीस पोहोचली. चढ ३७ फुटांस १ फूट. आजही वर जाणाऱ्या गाड्यांना जादा इंजिने, म्हणजे बँकर, लावतात. अशा उतारावर सिग्नल वेळेत दिसणे हा प्राणांचा प्रश्न ठरतो.

३/ आणि सिग्नल दिसलाच नाही तर? यावर तोड इंग्लंडमध्ये १८४१ सालीच निघाली होती. अभियंता एडवर्ड आल्फ्रेड काउपर याने रुळावर बांधण्याची लहानशी स्फोटक डबी तयार केली. तिच्यावरून चाक गेले की धडाका होई आणि चालक सावध होई.

४/ भारतीय रेल्वेनेही हा फटाका स्वीकारला. दाट धुक्यात सिग्नलच्या किमान २७० मीटर अलीकडे, सुमारे १० मीटर अंतराने दोन फटाके लावण्याची पद्धत आहे. डोळा हतबल झाला, तिथे रेल्वेने कानाचा आश्रय घेतला. आता जीपीएसवर चालणारे ‘फॉग पास’ उपकरणही पुढचा सिग्नल जवळ आल्याचे सांगते.

५/ रस्त्यावरच्या चालकाजवळ असा सोबती नाही. १९९८ साली ‘नेचर’ नियतकालिकात ब्रिटिश संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कृत्रिम धुक्यात दृश्य फिकट होताच वेग कमी भासला आणि लोकांनी गाडी अधिक जोरात हाकली.

६/ २०१२ साली जर्मनीत झालेल्या प्रयोगाने वेगळी बाजू दाखवली. खऱ्या धुक्याप्रमाणे जवळचे स्पष्ट आणि दूरचे फिकट ठेवले, तेव्हा वेग जास्त भासला व लोक सावकाश गेले. दोन्ही प्रयोगांत एक गोष्ट समान होती : धुक्यात डोळा वेगाचा विश्वासू साक्षीदार नाही.

७/ आता साधा हिशेब. ताशी ६० किमी वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. धोका ओळखून ब्रेक दाबण्यास दीड सेकंद लागला, तर तेवढ्यात २५ मीटर संपले. दिसते ३० मीटर, आणि गाडी थांबायची अजून बाकीच! त्यात रस्ता ओला, वर उतार.

८/ रेल्वेने १८० वर्षांपूर्वी ओळखले की धुक्यात चालकाच्या नजरेवर सारा भार टाकू नये. घाटात आपल्यासाठी कोणी फटाका लावणार नाही. म्हणून वेग अंदाजाने नव्हे, काट्यावर पाहावा. आणि दिसते तेवढ्या अंतरात थांबता येईल, इतकाच ठेवावा.