काळ्या पाण्यावर गेलेला पूर्वज

कित्येक जुन्या घराण्यांच्या वंशावळीत एखादी शाखा एकाएकी खुंटलेली दिसते. वडीलधाऱ्यांना विचारावे, तर ‘तो काळ्या पाण्यावर गेला’ एवढेच उत्तर मिळते, आणि तेही हलक्या आवाजात. शोध घेणारा मग थेट अंदमानची दप्तरे धुंडाळू लागतो आणि तेथेच बहुधा फसतो.

कारण पोर्ट ब्लेअरची बंदीवसाहत १८५८ सालची. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात डॉ. वॉकर हा पहिले २०० बंदी घेऊन तेथे उतरला. त्यापूर्वी कितीतरी वर्षे कंपनी सरकार कैद्यांना पिनांग, मलाक्का, सिंगापूर आणि मॉरिशस येथे धाडीत होते. १८१५ ते १८३७ या काळात सुमारे १,५०० कैदी मॉरिशसला गेले. त्यांत मुंबई इलाख्यातले पुष्कळ होते. तेव्हा प्रथम शिक्षेचे साल निश्चित करावे. बेट त्यावरून ठरते.

जहाजाबरोबर कैद्यांची यादी जात असे. तीत नाव, बापाचे नाव, जात, वय, उंची, गुन्हा असा तपशील असे. आडनाव मात्र क्वचितच. मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतील पुराभिलेखागारात न्यायखात्याचे जुने खंड आहेत. ते चाळताना कान जागा ठेवावा लागतो. इंग्रज कारकुनाने ऐकले तसे लिहिले. विठू, इठू आणि विठोजी हा एकच इसम असू शकतो. अशा वेळी शरीरावरील खुणा उपयोगी पडतात : देवीचे व्रण, हातावरचे गोंदण, कपाळावरचा जुना वार. पळाला तर पकडता यावा म्हणून टिपलेले हे वर्णन. पण ज्याचे चित्र कोणी काढले नाही, त्याचा चेहरा आज एवढाच उरला आहे. ‘दरोडा’ हा शब्दही जपून वाचावा. भिल्ल, कोळी, रामोशी यांच्या उठावांना कंपनीच्या दप्तरात पुष्कळदा हेच नाव पडे.

इकडे घरी काय होई? बारा वर्षे वार्ता नसली, की पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याचे दहन करण्याची रूढी होती. त्याची बायको विधवा ठरे. आणि तिकडे १८३६ साली चार्ल्स डार्विनने मॉरिशसमध्ये असे सुमारे ८०० हिंदी कैदी सार्वजनिक कामांवर राबताना पाहिले. त्यांची शांत वागणूक, स्वच्छता आणि नेमाने चाललेला धर्माचार त्याने आवर्जून नोंदला आहे. काहींच्या दाढ्या पांढऱ्याशुभ्र झाल्या होत्या. त्यांतल्या एखाद्याचे श्राद्ध तेव्हा गावी दर पितृपक्षात चालूच असेल.